रुखवतातली टीसी

माझ्या लग्नात वरणात मीठ कमी पडलं होतं की जास्त, हे आज कुणाला आठवत नाही. वऱ्हाडाची गाडी किती उशिरा आली, तेही लोक विसरले. पण माझ्या रुखवतात काय मांडलं होतं, हे सेनगावात अजून माणसं एकमेकांना सांगतात, आणि सांगून झालं की माझ्याकडं बघून हसतात. तसं रुखवत चारचौघींसारखंच होतं. कापसाचे ससे होते, मण्यांची तोरणं होती, करंज्या-अनारशांच्या चळती होत्या, काड्यापेटीच्या काड्यांचं घर होतं, पितळेची भांडी होती. आणि या सगळ्याच्या मधोमध, जिथं बाकीच्या पोरींच्या रुखवतात रांगता बाळकृष्ण असतो तिथं, काचेच्या फ्रेममध्ये, भोवती जरीचा सोनेरी गोटा लावून माझी कॉलेजची टीसी उभी होती.

कल्पना दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची. मी नको म्हणायला हवं होतं, पण मी तर गोटा आणायला स्वतः वसमतला गेले होते. आमच्या कुरुंद्याच्या घरात रीत अशी की लेक दिली की तिचं सगळं तिच्या संगं द्यायचं. लेकीची वस्तू माहेरात राहिली की लेकीचा जीव मागं ओढतो, असं माय म्हणायची. म्हणून तिनं माझी ताटवाटी बांधली, माझा पाट बांधला, अर्धी सरलेली तेलाची बाटली बांधली, इतकंच काय, तुटक्या अंगठ्याची चप्पलसुद्धा बांधली. सगळं बांधून झाल्यावर दादा ओसरीवर बसून डोकं खाजवत म्हणाले की, पोरीचं नाव तेवढं कॉलेजात राहून राहिलं, ते बी घेऊन येतो. रेशनकार्डावरचं नाव कसं, इथून काढायचं आणि तिथं घालायचं. कॉलेजातलं नावही तसंच असणार, असं दादांना वाटलं. आणि बी.ए. पहिल्या वर्षाची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी जी मी (हे मत माझंच होतं, पण ठाम होतं), तिलाही तसंच वाटलं. वार्षिक परीक्षा अजून व्हायची आहे, ती द्यायला कुठंतरी नाव असावं लागतं, एवढा विचार करायला मला सवड नव्हती. मी साडीच्या पदराला कुठला टाका घालावा या विचारात होते.

मांडवात त्या फ्रेमची काय शान होती म्हणून सांगू. एका आजीबाईंनी तो कुठल्या देवाचा फोटो म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता काचेवर हळदीकुंकू वाहून मोकळ्या झाल्या. मग पाठोपाठ बायांची रांगच लागली. नवऱ्याकडच्या एका वाचता येणाऱ्या पाहुण्यानं कुंकू पुसून ती मोठ्यानं वाचली. नाव, जन्मतारीख, जात असं करत तो 'वर्तणूक' या रकान्यापाशी आला आणि आवाज चढवून म्हणाला, "चांगली." वऱ्हाडात खसखस पिकली. नवरीच्या वर्तणुकीचा असा गोल शिक्क्याचा दाखला त्या पंचक्रोशीत कुणी पाहिला नव्हता. माझ्या सासूबाईंनी, आमच्याकडच्या चालीप्रमाणं आत्याबाईंनी, ज्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं, तो रकाना त्याला पुन्हा एकदा वाचायला लावला. पुढं आयुष्यभर, मी जरासा आवाज वर करून बोलले की त्या म्हणायच्या, कागदात तं चांगली लिव्हली व्हती.

कुरुंद्याला तेव्हा हळद काढणीचे दिवस होते. आमच्या गावात हळद म्हणजे काय, ते तिथं राहिल्याशिवाय कळायचं नाही. कढया पेटल्या की उकडलेल्या हळदीचा वास केसात, अंथरुणात, दुधात सगळीकडं शिरतो. खळ्यावर वाळत घातलेली हळकुंडं उलटीपालटी करताना त्यांचा खडखड आवाज दिवसभर कानात राहतो. आमच्याकडच्या नवरीला हळद लावणं म्हणजे निव्वळ रीत पाळणं, कारण ती बिचारी आधीच पिवळी झालेली असते. अशा त्या घरातून मी एसटीनं वसमतच्या कॉलेजात जायची आणि तिथं गृहशास्त्र हा विषय शिकायची. रबरी बाहुलीला आंघोळ कशी घालावी, पालेभाजीतलं लोह कसं टिकवावं, पाहुण्यांच्या खोलीत फुलांची मांडणी कुठं असावी, हे मला मुखोद्गत होतं. आमच्या घरात पाहुण्यांची खोली नव्हती आणि फुलं फक्त देवाला मिळायची, तरी मांडणीत माझा पहिला नंबर असे. चुलीपाशी मात्र मायनं मला कधी बसू दिलं नाही. शिकणारी पोर हाय, हात भाजंल, म्हणायची. त्यामुळं सेनगावला नांदायला गेले तेव्हा मला आहाराविषयी सगळं ठाऊक होतं, फक्त स्वैपाक येत नव्हता.

सोयरीक जुळवण्याच्या बैठकीत दादांनी एकच अट घातली होती की पोरीचं शिक्षण थांबवायचं नाही. पुरुषमाणसं एकमेकांकडं बघायला लागली तेव्हा आतून, दारामागून, आत्याबाईंचा आवाज आला होता की शिकू द्या तिले, घरात दोन म्हशी हायेत, एक शिकनारी बी ऱ्हाईल. त्या शब्दावर सुपारी फुटली. मला तेव्हा म्हशींच्या पंगतीत बसवल्याचा फार राग आला होता. आज वाटतं, त्यांच्या लेखी म्हशीपेक्षा मोठा मान दुसरा नव्हताच.

सेनगावच्या घराचा आवाज वेगळा होता. पहाटे पहिली जाग म्हशींना यायची, मग आत्याबाईंना, मग सगळ्या गल्लीला, कारण आत्याबाई म्हशींशी बोलायच्या ते गावाला ऐकू जायचं. सरपणासाठी तुरीची काठकं अंगणात रचलेली असत, आणि त्यात कोंबड्यांची सतत खुडबूड. मामंजी बहुतेक शेतातच राहायचे आणि जेवणापुरते घरी यायचे. हे, म्हणजे माझे यजमान, फार कमी बोलायचे. त्यांना काही विचारलं की आधी ते आईकडं बघायचे, मग आढ्याकडं, आणि तोवर विचारणारा निघून जायचा. जेवायला येसराच्या मसालेदार पिठाची आमटी असायची, खलबत्त्यात कुटलेला लाल ठेचा, शेंगदाण्याची चटणी, आणि भाकरी. ती भाकरी आत्याबाई दोन्ही हातांवर अशी फिरवायच्या की टाळ्या वाजल्यासारखा आवाज यायचा. माझ्या हातून पहिल्या दिवशी जे झालं त्याला भाकरी म्हणणं अवघड होतं. मी घाबरून म्हणाले, आत्याबाई, ठेच्यात प्रथिनं नसतात, जेवणात डाळीचं प्रमाण जास्त पाहिजे. त्यांनी माझी ती भाकरी उचलून उजेडाकडं धरली, तिच्यातल्या भोकातून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं की हिच्यात काय काय असते ते सांग बरं. त्या दिवसापासून प्रथिनं हा शब्द मी त्या घरात उच्चारला नाही.

फ्रेम माजघरात आरशाच्या वर टांगली होती. मी रोज केस विंचरताना टीसी वाचायची आणि मनाशी म्हणायची की आता हिंगोलीला जाऊन नाव घालून आलं की झालं. परीक्षा चैत्रात होती. हळद उतरली, हातावरची मेंदी फिकी झाली, तसा मी यांच्यामागं लकडा लावला. एक दिवस आत्याबाईंनीच यांना हाकललं, आणि आम्ही दोघं एसटीनं हिंगोलीच्या कॉलेजात गेलो. मी नवी साडी नेसले होते, डोक्यावर पदर, आणि हातात ती फ्रेम, कुणी मोडू नये म्हणून टॉवेलात गुंडाळलेली. प्राचार्य चांगला माणूस होता. त्यांनी टॉवेल सोडायची वाट बघितली, काचेवरच्या वाळलेल्या कुंकवाकडं बघितलं, आणि शांतपणे नियम सांगितला. कॉलेज बदलायचं तर वार्षिक निकाल लागल्यावर, जूनमध्ये. वर्षाच्या शेवटी कुणाला घेता येत नाही. तुमचा परीक्षेचा फॉर्म जुन्या कॉलेजातून गेलाय, हॉल तिकीट तिथंच येणार, पण टीसी काढली म्हणजे तिथलं नाव कटलं, आणि नाव नसलेल्याला तिकीट मिळत नाही. मग मायेनं विचारलं, "तिथून तुम्ही गेलात, इथं अजून आला नाहीत. मग सध्या तुम्ही आहात कुठं?" मी फ्रेमवरचा टॉवेल नीट करायला लागले. यांनी मात्र आयुष्यात पहिल्यांदा आढ्याकडं न बघता उत्तर दिलं की, सध्या सेनगावला आहे. प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. मग एक वाट सांगितली. मूळ टीसी जुन्या कॉलेजला परत करा, ती त्यांनी रद्द केली तर नाव पुन्हा लागेल आणि परीक्षा देता येईल. पण लवकर करा, आणि ते ऐकतीलच असं मी सांगू शकत नाही, असंही म्हणाले.

माझी नात सध्या पुण्यात शिकते. परवा तिला तिचं कॉलेज बदलायचं होतं, कारण तिथल्या मेसची पोळी कडक असते. तिनं फोनवर काहीतरी दाबलं, कागदाचे फोटो काढून पाठवले, आणि मला म्हणाली, आजी, झालं. मी तिला ही फ्रेमची गोष्ट सांगायला घेतली तर ती म्हणते, अगं पण आधी वेबसाईटवर नियम वाचायचे ना. बरोबर आहे तिचं. आम्ही नियम वाचत नव्हतो, आम्ही माणसांना विचारत होतो, आणि ज्यांना विचारायचं त्यांनाही वाटायचं की मुलीचं लग्न ठरलं, टीसी मागितली, म्हणजे शिक्षण संपलं. त्यात कुणाला काही विचारण्यासारखं वाटत नव्हतं.

परतीच्या एसटीत मला पहिल्यांदा भीती वाटली. वर्ष वाया गेलं तर पुढच्या वर्षी पुन्हा बसेन, असं पुस्तकात म्हणता येतं. आमच्या भागात लग्न झालेल्या मुलीचं एक वर्ष वाया गेलं की पाळणा हलतो, आणि पाळणा हलला की पुस्तकं माळ्यावर जातात. हे मी चुलत बहिणींच्या घरी डोळ्यांनी बघितलेलं होतं. रबरी बाहुलीला आंघोळ घालण्यात पहिला नंबर मिळवलेली मी खऱ्या बाहुलीच्या विचारानं त्या एसटीत हुंदके देऊन रडले. हे शेजारी बसून फ्रेम सांभाळत होते. कंडक्टरला वाटलं की आमच्या घरी कुणीतरी गेलं आणि हा त्याचा फोटो, म्हणून त्यानं यांच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी आल्यावर मी आत्याबाईंना सगळं सांगितलं आणि म्हणाले, उद्याच दादांना निरोप धाडू, ते येऊन टीसी घेऊन जातील आणि कॉलेजला देतील. आत्याबाई तूर पाखडत होत्या. सूप थांबलं. त्या म्हणाल्या, "रुखवतातली वस्तू माहेरी माघारी जात न्हाई." मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं की मांडवात मांडलेलं, चार बायांनी कुंकू वाहिलेलं रुखवत बापानं परत नेलं, तर लोकं काय समजतील? नवऱ्यानं लेक टाकली, आता बाप सामान बी घेऊन चालला. असं त्यांच्या मावसबहिणीचं झालं होतं. आधी हंडा गेला, मग पाटा गेला, आणि मग बाई गेली. मी माझी सगळी विद्वत्ता काढली. अंधश्रद्धा, सुधारणा, स्त्रीशिक्षण, असं जे जे निबंधात लिहून मार्क मिळवले होते ते सगळं चढ्या आवाजात ऐकवलं. आत्याबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि वर्तणुकीच्या रकान्याची आठवण करून दिली. यांना विचारलं तर ते आढ्याकडं बघायला लागले. मी गोठ्यात जाऊन रडले. म्हशींनी मान वळवून पाहिलं आणि पुन्हा कडबा खायला लागल्या. त्या क्षणी मला आत्याबाई जगातली सगळ्यात वाईट बाई वाटली, आणि हे मी म्हशींना सांगितलंही. भिंतीपलीकडं आत्याबाई होत्या हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी डोळे सुजवून बसले होते. आत्याबाई आंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. हातात फ्रेम. पदरानं काच पुसत त्यांनी मला विचारलं की तुहा प्रिन्सिपल टोपी घालते का. मी म्हणाले, नाही, पण काहून? त्या म्हणाल्या, घालत नसंल तं घालंल. मग त्यांनी ट्रंकेतून नवा टॉवेल काढला, पांढरी टोपी काढली, नारळ घेतला, हळदीकुंकवाची डबी घेतली. रुखवत माहेरी जाऊ शकत नाही, पण सासूनं कुणाला आहेर केला तर त्याला कोण अडवणार? टॉवेल-टोपीचा आहेर आमच्याकडं व्याह्यापासून बैल विकणाऱ्या दलालापर्यंत सगळ्यांना होतो. आहेरात काय द्यावं हे देणाऱ्यानं ठरवायचं. आत्याबाईंना फ्रेम द्यायची होती. तुह्या बापाच्या उंबऱ्याला ही शिवनार न्हाई, मी मास्तराले देऊन राहिली, असं म्हणून त्यांनी पायात चपला अडकवल्या.

सेनगावहून हिंगोली, हिंगोलीला गाडी बदलून औंढ्यावरून वसमत. आत्याबाईंना एसटी लागायची, त्यामुळं लिंबू हुंगत, फ्रेम मांडीवर उभी धरून, त्या वाटभर एक शब्द बोलल्या नाहीत. औंढा आलं तेव्हा तेवढं खिडकीतून देवाला हात जोडायला त्यांनी फ्रेम माझ्याकडं दिली आणि लगेच परत घेतली. मी मनातल्या मनात मरत होते. माझं कॉलेज, माझे प्राचार्य, माझ्या मैत्रिणी, आणि त्यांच्यासमोर ही लुगड्यातली सासू टोपी घेऊन जाणार. तिथं मी फर्डा इंग्रजी उच्चार करणारी मुलगी म्हणून प्रसिद्ध होते, निदान माझी तशी समजूत होती. कॉलेजच्या फाटकाशी मी म्हणाले, आत्याबाई, तुम्ही बाकावर बसा, मी आत जाऊन बोलते. त्या म्हणाल्या, तू बोलूनच तं हे झालं. आणि सरळ आत गेल्या.

प्राचार्य सफारी घालून टेबलामागं बसले होते. आत्याबाईंनी काही न विचारता टेबलाला वळसा घातला, त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, टक्कल पडत चाललेल्या डोक्यावर टोपी ठेवली, गळ्यात टॉवेल घातला, हातात नारळ दिला आणि वर टीसीची फ्रेम ठेवली. भूगोलाचे सर कशासाठी तरी आत येत होते, ते दारातूनच मागं फिरले. मी भिंतीकडं तोंड केलं. प्राचार्य इतके गोंधळले की नारळ आणि फ्रेम दोन्ही सांभाळत उभेच राहिले. मी कशीबशी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी नियम सांगितला की एकदा नाव कमी झालं, हजेरीही तुटली, इतक्या उशिरा टीसी रद्द करणं अवघड आहे. मग आत्याबाई बोलल्या.

"साहेब, माह्या व्याह्याची चूक झाली. त्याले वाटलं, लेक दिली म्हनल्यावर लेकीचं सगळं द्या लागते. तो अडानी हाय. पन तुमाले तं नियम माहीत व्हता. तुमी काहून दिली?"

प्राचार्य म्हणाले की लग्न ठरलं असं वडिलांनी सांगितलं, आम्हाला वाटलं मुलीनं शिक्षण सोडलं. लग्न झालं की सोडतातच.

"आमी बैठकीत शबूद देल्ता, शिकवनार म्हनून," आत्याबाई म्हणाल्या. "तुमी एकबी वेळ विचारलं न्हाई आमाले."

त्या आवाज चढवून बोलल्या नाहीत. म्हशींशी बोलायचा तो आवाज त्यांनी घरी ठेवला होता. प्राचार्य खाली बसले. टोपी तशीच डोक्यावर ठेवून त्यांनी कारकुनाला बोलावलं. हजेरीचं काय, असं त्यानं विचारलं, तर आत्याबाईच म्हणाल्या की लग्नाले सुट्टी नसते का. प्राचार्यांनी मान हलवली आणि अर्जावर सही केली. टीसी मात्र फ्रेममधून सुटेना. गोटा नीट बसावा म्हणून मी ती पुठ्ठ्यावर खळ लावून चिकटवली होती, आणि गृहशास्त्रात शिकलेली खळ पक्की असते. कारकुनानं ब्लेड लावलं, पाणी लावलं, शेवटी वैतागून पुठ्ठ्यासकट, गोट्यासकट ती माझ्या फाईलला बांधून टाकली. त्यानं त्यावर लाल शाईनं रद्द म्हणून लिहिलं तेव्हा मला माझं नाव पुन्हा कुणीतरी ठेवल्यासारखं वाटलं. रिकामी फ्रेम आत्याबाईंनी मागून घेतली. काच चांगली व्हती, म्हणाल्या.

मग मी परीक्षेपुरती कुरुंद्याला राहिले. आत्याबाई मला दादांच्या दारापर्यंत सोडायला आल्या, पण पाणीसुद्धा न पिता परतल्या, घरी म्हशी व्यायला आल्यात म्हणून. मला सुटल्यासारखं वाटलं. मायच्या हातची भाकरी, ओसरीवर पुस्तकं पसरून लोळणं, कुणी उजेडाकडं धरून बघणारं नाही. पहिले दोन दिवस मी स्वर्गात होते. तिसऱ्या दिवसापासून काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. पहाट होऊन जायची तरी जाग यायची नाही, कारण कुणी ओरडत नव्हतं. मी काही मोठं बोलले की सगळे कौतुकानं ऐकायचे, आणि त्यामुळं बोलणं तिथंच संपायचं. मायला मी एकदा म्हणाले, ठेचा जरा तिखट कर गं. ती माझ्याकडं बघतच राहिली. मी आत्याबाईंच्या तावडीतून सुटले होते, आणि मला त्यांच्याशी भांडायची सवय लागली होती. हे मी तेव्हा मान्य केलं नसतं, जीव गेला तरी.

निकाल लागला तेव्हा पेरण्या तोंडावर आल्या होत्या. मी पास झाले. सगळ्यात कमी मार्क गृहशास्त्रात पडले, कारण त्या भाकरीनंतर पुस्तकातल्या प्रथिनांवर माझाच विश्वास उरला नव्हता. आत्याबाई निकालाच्या दिवशी यांना घेऊन स्वतः कॉलेजात आल्या होत्या, दादाही होते. आता टीसी रीतसर काढायची, हिंगोलीला रीतसर द्यायची, असं ठरलं होतं. पण प्राचार्य, आता टोपीशिवाय, दादांना म्हणाले की मुलगी हुशार आहे, हिंगोलीला गृहशास्त्र नाही, तिथं विषय बदलावा लागेल आणि नव्या विषयाचा पहिल्या वर्षाचा पेपरही द्यावा लागेल. त्यापेक्षा नाव इथंच ठेवा, माहेरी राहून शिकू द्या, सासरी सुट्टीत जाईल. दादांचा चेहरा उजळला. यांनी नेहमीप्रमाणं आढ्याकडं पाहिलं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मी, जिला प्रत्येक गोष्टीवर मत होतं, निकालाच्या कागदाची घडी घालायला लागले. आत्याबाई उठल्या आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसल्या. त्यांनी नाही म्हटलं नाही. शब्द शिकवायचा दिला होता, कुठं शिकवायचं याचा नव्हता. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. एवढी मोठी बाई इतकी लहान होऊन बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

मी प्राचार्यांना म्हणाले, मला टीसी द्या. त्यांनी पुन्हा एकदा विचार कर म्हणून सांगितलं, मी केला आहे म्हणाले. नव्या विषयाचा जादा पेपरही देईन म्हणाले. दादांनी खिसा चाचपडून पेन काढलं आणि मला दिलं. अर्जाचा कागद घेऊन मी व्हरांड्यात आत्याबाईंच्या शेजारी बसले. त्यांनी विचारलं, काय लिव्हून राहिली? मी म्हणाले की कॉलेज काहून बदलायचं, त्याचं कारण लिहायचं असतं. ते कारण नियमातच बसलं पाहिजे, वडिलांची बदली, आजारपण किंवा विवाह, नाहीतर अर्ज माघारी येतो, असं कारकुनानं मला बजावलं होतं. ते काही मी त्यांना सांगितलं नाही.

आत्याबाईंनी तोंड फाटकाकडं वळवलं. मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "लिव, सासूले करमत न्हाई."

मी कागद मांडीवर धरला आणि त्या रकान्यात 'विवाह' असं लिहिलं. मांडीवर लिहिल्यामुळं अक्षर जरा वाकडं आलं.

"लिव्हलं?"

"लिहिलं."

त्यांनी कागद आपल्याकडं ओढला. कुठं, म्हणून विचारलं, आणि मी दाखवलं तिथं बोट ठेवलं. त्या तीन अक्षरांवरून त्यांनी ते बोट सावकाश फिरवलं, एकदा गेलं, एकदा आलं.

"एवढ्यात मावलं?"

"मावलं, आत्याबाई."